जिताड्याच्या ताटात सोयाबीन

१९९४ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट आहे. मी तेव्हा रायगड जिल्ह्यात, खारेपाटातल्या एका शाखेत बँकेचा कृषी अधिकारी होतो. मूळचा लातूरकडचा, ज्वारीच्या रानातला माणूस. भरती-ओहोटीचे वेळापत्रक अंगवळणी पडायलाच मला वर्ष लागले. एके दुपारी नाना कर्जाचा अर्ज घेऊन आले. त्यांच्या भातशेतीच्या बांधाला खांड गेली होती आणि दीड एकरात खाडीचे पाणी शिरले होते. तिथे आता भात येणार नव्हता. तेव्हा त्या दीड एकरात तळे करून जिताडा वाढवायचा, त्यासाठी पन्नास हजार रुपये द्यावेत, अशी त्यांची मागणी होती.

जिताडा ठाऊक नसणाऱ्यांसाठी सांगतो. खाडीच्या गोड्या-खाऱ्या पाण्यात वाढणारा, पांढऱ्या घट्ट मांसाचा हा मासा. अलिबाग-पेणकडे जावयाला जिताडा वाढला म्हणजे मान राखला, आणि अडलेल्या कामासाठी साहेबाच्या दारात पहाटे पोहोचवला म्हणजे काम झाले, असा त्याचा लौकिक आहे. ऑस्ट्रेलियात त्याला बारामुंडी म्हणतात. जन्माला येतो तो बहुतेक नर म्हणून, आणि काही वर्षांनी त्याचीच मादी होते. हे मला नानांनीच सांगितले होते आणि मी ते थापांच्या खात्यात जमा केले होते. पुढे पुस्तकात वाचले तेव्हा मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

तर अर्जाच्या नमुन्यात एक रकाना होता : खाद्य, प्रमाण व खर्च. मी विचारले, ‘‘नाना, खायला काय घालणार?’’

‘‘मासे.’’

‘‘किती?’’

नाना हसले. ‘‘साहेब, त्याच्या पोटाला काय मी माप लावतो? खाडीतली बारीक मासळी, निवट्या, करंदी. तळ्यातली तिलापी खातो. आणि काहीच मिळालं नाही तर स्वतःचा भाऊ खातो.’’

हे शेवटचे अगदी खरे आहे. जिताड्याची पिले थोडी लहान-मोठी झाली, की मोठे पिलू लहान पिलाला गिळते. म्हणून दर थोड्या दिवसांनी त्यांना आकारानुसार वेगळे करावे लागते. पण मला त्यातली मजा कळली नाही, कारण मी हिशेब करत होतो. ओली बारीक मासळी घालून एक किलो जिताडा वाढवायचा तर सहा-सात किलो मासळी लागते. म्हणजे सहा-सात किलो मासे देऊन एक किलो मासा घ्यायचा. माझ्या शेतकरी मनाला हा व्यवहार उफराटा वाटला. कोळंबीसाठी आमच्याकडे ठरीव खर्चाचा तक्ता होता, जिताड्यासाठी नव्हता. मी नानांना म्हणालो, ‘‘कोळंबी लावा, आठवड्यात मंजूर करतो.’’ ते नको म्हणाले. मी फायलीवर शेरा मारला : खाद्यपुरवठा अनिश्चित, प्रकल्प अव्यवहार्य.

मी दिलेला सल्ला त्यांनी ऐकला नाही हे त्यांचे नशीब. १९९४-९५ पासून पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने देशातल्या कोळंबीच्या तळ्यांची धूळधाण केली, आणि १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टीतल्या कोळंबी प्रकल्पांवर कडक निर्बंध आणले. माझ्या सहीने कर्ज घेतलेली काही खाती पुढे बुडीत निघाली. नाना मात्र हातानेच तळे खणून दरवर्षी शे-दोनशे जिताडे काढत राहिले.

नाना आता नाहीत. तळे त्यांचा मुलगा पाहतो. २०२४ च्या डिसेंबरात मी त्याच्याकडे दोन दिवस राहायला गेलो होतो. तळ्याची तीन तळी झाली आहेत. पिले आता खाडीत पकडावी लागत नाहीत, तामिळनाडूतून येतात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीव संवर्धन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे प्रजनन बंदिस्त पाण्यात यशस्वी केले, त्याचे हे फळ. संध्याकाळी त्याने बादलीतून तपकिरी गोळ्या पाण्यावर भिरकावल्या आणि पाणी उकळावे तसे झाले. निवट्या नाहीत, करंदी नाही. त्या गोळ्यांची गोणी बांधावर पडली होती. तिच्यावर घटक छापले होते : फिशमील, सोयाबीन पेंड, गव्हाचे पीठ, फिश ऑइल, जीवनसत्त्वे, खनिजे. प्रमाण कशाचेच दिले नव्हते.

‘‘काका,’’ तो म्हणाला, ‘‘तुमच्या लातूरला सोयाबीन पडलंय म्हणतात. हमीभावसुद्धा मिळत नाही. मग माझी ही गोणी का उतरत नाही?’’

प्रश्न साधा होता आणि तो अगदी योग्य माणसाला विचारला गेला होता. माझा धाकटा भाऊ गावी सोयाबीनच पिकवतो. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास मिळत होते. तरीही मला उत्तर देता आले नाही. मग सवयीप्रमाणे मी वाचायला बसलो. निवृत्त बँकवाला आणि त्यातून कादंबऱ्या लिहिणारा. दुसऱ्याच्या ताटात काय आहे हे पाहण्याची खोड दोन्ही धंद्यांना असते.

पहिली गोष्ट कळली ती ही, की मांसाहारी माशाला मासाच लागतो असे काही नाही. त्याला लागतात ती मासळीत आयती सापडणारी अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांच्या विटा. आंध्रातल्या तळ्यांतले रोहू-कटला पिढ्यान्‌पिढ्या भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड खात आले आहेत, त्यांचे कोणाला नवल वाटत नाही. जिताड्याची गोष्ट वेगळी. त्याच्या खाद्यात चाळीस-पंचेचाळीस टक्के प्रथिने हवीत. आपण भात-भाकरीतून ताकद घेतो, तशी त्याला पिठूळ पदार्थांतून फारशी घेता येत नाही. तो प्रथिने आणि चरबीच जाळतो. चांगल्या फिशमीलमध्ये साठ-सत्तर टक्के प्रथिने असतात. सोयाबीनचे तेल काढून उरलेल्या पेंडीत शेहेचाळीस-अठ्ठेचाळीस टक्के. म्हणजे जुळवाजुळव शक्य आहे, पण सोपी नाही.

ती किती अवघड आहे हे नॉर्वेने अनुभवले. नॉर्वेचा सॅमन हा जिताड्यासारखाच शिकारी मासा, आणि त्याची शेती जगात सर्वांत मोठी. १९९० साली तिथल्या सॅमनच्या खाद्यात नव्वद टक्के माल समुद्रातून येत होता, वनस्पतींचा वाटा जेमतेम दहा टक्के. पुढे सोयाबीनची पेंड घालून पाहिली तर मासे खंगू लागले, त्यांच्या मागच्या आतड्याला सूज येऊ लागली. नव्वदच्या दशकात तिथल्या संशोधकांनी या आजाराची नीट नोंद केली. पेंड बंद केली की आतडे पूर्ववत होई. गुन्हेगारांत प्रमुख निघाले ते सॅपोनिन. हे आपल्या ओळखीचे आहे. रिठ्याला आणि शिकेकाईला फेस येतो तो त्याच्यामुळे. माणसाच्या केसांना मानवणारी वस्तू सॅमनच्या आतड्याला सोसत नव्हती.

बाकी अडचणीही घरगुतीच वाटतात. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारा एक घटक असतो, तो उष्णतेने जातो. आपल्याकडे कोणी सोयाबीन कच्चे खात नाही ते उगाच नाही. फायटेट नावाचा दुसरा घटक फॉस्फरस धरून ठेवतो. मग तो माशाच्या अंगी न लागता विष्ठेतून पाण्यात जातो आणि पाणी बिघडवतो. त्यावर फायटेज हे विकर मिसळतात. तिसरी अडचण मेथिओनिनची. हे अमिनो आम्ल डाळवर्गात कमी असते, आणि लायसिन धान्यात कमी असते. आपल्या आज्यांनी वरणाबरोबर भात वाढला तो यातले काही न वाचता. माशांच्या खाद्यात सोयाबरोबर गव्हाचे नाहीतर मक्याचे ग्लुटेन घालतात ते याच तत्त्वावर, आणि उरलेली तूट कारखान्यात बनवलेल्या अमिनो आम्लाने भरून काढतात. टॉरिन हा आणखी एक पदार्थ. तो प्राण्यांच्या मांसात असतो, वनस्पतींत जवळजवळ नसतो. समुद्री शिकारी माशांना तो वरून द्यावा लागतो. आणि एवढे सगळे करून गोळी माशाला आवडायला हवी. न आवडली तर तो ती तोंडात घेतो आणि थुंकतो. नानांचा मुलगा म्हणाला, एक स्वस्त गोणी त्याने आणली होती, तिचे असेच झाले. तीन दिवस तळ्याच्या कडेला गोळ्या फुगून पडल्या होत्या.

सॅपोनिनवर तोड निघाली ती अशी : तेल काढलेले सोयाबीन अल्कोहोलयुक्त पाण्याने धुवायचे. सॅपोनिन आणि न पचणाऱ्या शर्करा निघून जातात, उरते ते साठ टक्क्यांहून जास्त प्रथिनांचे सोया प्रथिन सांद्र. त्याने नॉर्वेच्या माशांचे ताट पालटले. युरोपात ‘मॅड काऊ’ रोगानंतर जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी खाद्यात घालण्यावर बंदी आली होती, त्यामुळेही वनस्पतींकडे वळणे भाग पडले. नोफिमा ही तिथली संशोधन संस्था काही वर्षांच्या अंतराने या खाद्याचा ताळेबंद मांडते. तिच्या आकड्यांनुसार २०१३ मध्ये वनस्पतींचा वाटा सत्तर टक्क्यांवर गेला. २०२० मध्ये समुद्रातला माल बावीस-तेवीस टक्क्यांपुरता उरला, आणि एकट्या सोया प्रथिनाचा वाटा पंचमांशाहून थोडा अधिक होता. खाद्य त्या वर्षी सुमारे वीस लाख टन लागले. म्हणजे चार लाख टनांवर सोया प्रथिन माशांनी खाल्ले. मोराला शाकाहारी करावे तसा हा प्रकार, आणि तो तीस वर्षांत साधला. मला याचे कौतुक वाटते. आपण संशोधनाला नुसती यशाची बातमी समजतो. हे काम माशांची आतडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत, एकेक टक्का पुढे सरकत झाले आहे.

पण मी बँकेत तेहतीस वर्षे काढली आहेत. एखाद्या खात्यातले येणे एकदम कमी झालेले दिसले, की ते फिटले की दुसऱ्या खात्यात वळते केले, हे पाहायची मला सवय आहे. समुद्राच्या खात्यातले हे ओझे गेले कुठे?

याची जुनी नोंद १९७२ सालात सापडते. पेरू देशाच्या किनाऱ्यावर अँकोव्हेटा नावाचा तारलीसारखा लहान मासा मिळतो. जगातले सर्वांत जास्त फिशमील त्याचेच. १९७० मध्ये तो सव्वा कोट टनांहून अधिक पकडला गेला होता. ७२ साली एल निनोने तो समुद्र तापला, आधीच बेसुमार उपसलेले थवे नाहीसे झाले आणि १९७३ मध्ये पकड वीस लाख टनांच्या आसपास येऊन आपटली. तेव्हा फिशमील मुख्यतः कोंबड्या आणि डुकरे खात असत. ते मिळेना म्हणून खाद्यवाले सोयाबीनकडे धावले, सोयाबीनचे भाव भडकायला हे एक मोठे कारण झाले, आणि जून १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यातच काही काळ थांबवली. सोयाबीनवर जगणारा जपान हादरला आणि ब्राझीलमध्ये पर्याय शोधू लागला. ब्राझीलच्या सेराडो या विस्तीर्ण माळरानावर सोयाबीन पसरले त्यामागे जपानचे पैसे आणि तंत्रज्ञानही होते.

त्याच १९७२ साली मी बारा वर्षांचा होतो. आमच्या गावाबाहेर खडी फोडण्याचे काम निघाले होते. आई जायची, मोठी बहीण जायची. तांबड्या मिलोच्या भाकरीचा वास आणि सुकडीची चव अजून जिभेवर आहे. त्या दुष्काळामागेही हाच एल निनो होता, हे मला साठी उलटल्यावर कळले. पेरूतले कोळी रिकामी जाळी घेऊन परतत होते आणि इकडे मराठवाड्याच्या विहिरी कोरड्या पडत होत्या. एकाच तापलेल्या समुद्राची ही दोन टोके. पन्नास वर्षांनी, २०२३ मध्ये, पुन्हा तसेच झाले. पेरू सरकारने उत्तर-मध्य किनाऱ्यावरचा अँकोव्हेटाचा पहिला हंगाम रद्द केला, फिश ऑइलचे भाव कडाडले. इकडे १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट गेला, आणि भावाच्या शेतात शेंगा भरल्याच नाहीत. म्हणजे समुद्राला पर्याय म्हणून ज्या शेतावर आपण विसंबलो, ते शेतही त्याच समुद्राच्या लहरीवर आहे. हे गणित मांडताना कोणी धरलेले मला दिसले नाही.

नॉर्वेचे सोया प्रथिन मुख्यतः ब्राझीलमधून येते. जंगल तोडून पिकवलेले सोयाबीन नको, असा तिथल्या ग्राहकांचा आग्रह वाढला, तेव्हा २०२१ मध्ये नॉर्वेला माल पुरवणाऱ्या ब्राझीलच्या कंपन्यांनी तोडलेल्या जंगलातले सोयाबीन अजिबात न घेण्याचे मान्य केले. चांगली गोष्ट आहे. पण जगातल्या सोयाबीनचा फार लहान वाटा माशांकडे जातो. बहुतेक सगळी पेंड कोंबड्या-डुकरे खातात. एका गिऱ्हाईकाने स्वच्छ माल मागितला म्हणून दुकान स्वच्छ होत नाही. तरी मागणे सोडू नये.

आपल्याकडे तर हे कोंबडीच सगळे ठरवते. लातूरकडे नव्वदच्या दशकात सोयाबीन आले आणि बघता बघता ज्वारी, मूग, उडीद मागे पडले. हे पीक शेतकऱ्याच्या घरात खायचे नाही. ते तेलाच्या घाण्यासाठी आणि कोंबडीसाठी पिकते, त्यामुळे त्याचा भाव शेतकऱ्याच्या चुलीशी कुठेच बांधलेला नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये क्विंटलला दहा हजारांच्या घरात भाव गेला होता. कोंबडीवाल्यांनी ओरड केली आणि सरकारने बारा लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. तीही जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची, जे पिकवायला आपल्या शेतकऱ्याला परवानगी नाही. भाव खाली आले. अलीकडे इथेनॉलच्या कारखान्यांतून मका-तांदळाचा जो चोथा निघतो, तो स्वस्तात कोंबडीखाद्यात जाऊ लागला आणि पेंडीची मागणी आणखी घटली. भावाला मी हे फोनवर समजावले तेव्हा तो म्हणाला, ‘‘म्हणजे आमचा भाव कोंबडी ठरवते आणि कोंबडीचा भाव दारूभट्टी.’’ इथेनॉल गाडीत घालतात, पिण्यासाठी नव्हे, असे मी म्हणणार होतो. पण राहू दिले.

आता गोणीच्या किमतीकडे येतो. ती उतरत नाही, कारण तिच्यातले महाग ते सोयाबीन नव्हे. महाग आहे ते उरलेले फिशमील आणि त्याहूनही फिश ऑइल. प्रथिनांना पर्याय निघाला. तेलाला तितका निघालेला नाही. मासळी हृदयाला चांगली, असे डॉक्टर सांगतात ते तिच्यातल्या ज्या ओमेगा-३ स्निग्धाम्लांसाठी, ती मासा स्वतः फारशी बनवत नाही. ती बनवते समुद्रातले सूक्ष्म शेवाळ. ते लहान जीव खातात, त्यांना तारली खाते, तारलीला मोठा मासा. जमिनीवरच्या मोहरी-सोयाबीनच्या तेलात ती नसतात. त्यामुळे सॅमनला मोहरीवर्गातले तेल पाजल्यावर तो वाढला उत्तम, पण आतून बदलला. स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत स्कॉटलंडच्या शेती-सॅमनमधली ही स्निग्धाम्ले २००६ ते २०१५ या काळात निम्म्यावर आल्याचे दिसले. म्हणजे आधी एका तुकड्यात मिळत होते त्यासाठी दोन तुकडे खायचे. शेवाळ टाक्यांत वाढवून थेट तेल काढण्याचे कारखाने आता निघाले आहेत. तेल चांगले, पण महाग. किडींच्या अळ्यांचे प्रथिनही येते आहे. युरोपने २०१७ पासून ते माशांसाठी खुले केले. खारेपाटातल्या दीड एकरापर्यंत यातले काही पोहोचलेले नाही.

तोवर फिशमील आणि तेल समुद्रातूनच येणार. कर्नाटक, गोवा, केरळच्या किनाऱ्यावर त्याचे कारखाने आहेत, आणि एक किलो फिशमीलला चार-पाच किलो ओली मासळी लागते. कोकणात ‘कुटी’ला गेली असे म्हणतात ती ही मासळी. त्यात टाकाऊ माल असतो, मोठ्या माशांची डोकी-काटे असतात. त्याला माझी हरकत नाही, उलट तेच करायला हवे. पण त्यात तारली असते आणि न वाढलेली पिलेही असतात. केरळात २०१२ साली जवळजवळ चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये ती ३,२९७ टनांवर आली, असे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची नोंद सांगते. समुद्राचे तापमान बदलणे हे त्याचे मोठे कारण, हे खरे. तारली कमी-जास्त होतच असते. तरी वाईट वर्षात पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न उरतो. मी शाखेत होतो तेव्हा आमचा शिपाई आठवड्यातून चार दिवस डब्यात तारलीचे कालवण आणायचा. कारण त्याहून स्वस्त काही नव्हते. त्याच्या डब्यातली ओमेगा-३ आता दळून, गोळी होऊन, जिताड्यातून फिरून साडेपाचशे रुपये किलोने पाहुण्याच्या ताटात येते. सोयाबीनने ही गळती कमी केली, म्हणून मी सोयाबीनच्या बाजूचा आहे. माझे गावही सोयाबीनचे म्हणून नव्हे; तो पक्षपात थोडा असेलही. नानांच्या वेळी एक किलो जिताड्याला सहा-सात किलो मासळी लागत असे. आज त्यांच्या मुलाला पावणेदोन किलो गोळ्या पुरतात, आणि त्यातही समुद्राचा माल थोडाच.

फक्त तो थोडा म्हणजे किती, हे गोणीवर छापलेले असावे, एवढी माझी मागणी आहे. फिशमील किती टक्के, ते कोणत्या मासळीचे, डोक्या-काट्यांचे की तारलीचे, सोयाबीन किती, कुठले. बँकेत पाच हजारांच्या कर्जाला आम्ही सात-बारा मागायचो. हजारो रुपयांच्या या गोणीला सात-बारा नाही. नानांच्या मुलाने दुकानदाराला विचारले होते. तो म्हणाला, ‘‘मासा वाढतो ना? मग झालं.’’

मी हे सगळे त्याला फोनवर सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘म्हणजे सोयाबीन अजून पडलं तरी गोणी उतरायची नाही?’’ मी म्हणालो, फारशी नाही. ‘‘बाबा बरे होते,’’ तो म्हणाला. ‘‘त्यांना गोणीच नव्हती.’’

जानेवारीत गावी गेलो. भावाने सोयाबीन विकले नव्हते. वाड्याच्या पडवीत पोत्यांची थप्पी छातीपर्यंत होती. मी त्याला जिताड्याची हकीकत सांगितली. मासा सोयाबीन खातो याचे त्याला हसू आले, मग त्याने विचारले, ‘‘काय भावाने जातो म्हणालास?’’

‘‘साडेपाचशे रुपये किलो.’’

‘‘आणि किलोभर वाढायला सोयाबीन किती खातो?’’

मी पोत्यावर बसून हिशेब केला. पावणेदोन किलो खाद्य, त्यात पेंड चतुर्थांश धरली तर चारशे चाळीस ग्रॅमच्या आसपास. शंभर किलो सोयाबीनची ऐंशीएक किलो पेंड होते, म्हणजे सोयाबीन झाले साडेपाचशे ग्रॅम. क्विंटलला चार हजार धरले तर बावीस रुपये.

‘‘बावीस?’’

‘‘बावीस.’’

त्याने थप्पीवरची सरकलेली ताडपत्री ओढून नीट केली आणि म्हणाला, ‘‘चल, ताटं वाढलीत.’’